ताबा मिळाला, आता इंटिरियर: पहिल्यांदाच घर लावणाऱ्यांसाठी

बिल्डरकडून किल्ली मिळते, दाराला तोरण लागतं, दूध उतू जातं आणि दुसऱ्याच दिवशी सुताराला फोन जातो. पुढच्या बहुतेक गोंधळांचं मूळ या फोनमध्ये असतं. सुतार येण्याआधी प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि फरशीवाला येऊन जायला हवेत, आणि त्या सगळ्यांच्या आधी कागदावर रेघा ओढलेल्या हव्यात. क्रम चुकला की केलेलं काम फोडावं लागतं आणि एकाच कामाची मजुरी दोनदा द्यावी लागते.

हा लेख वन किंवा टू बीएचके पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी आहे. छोटं दुकान, दवाखाना किंवा ऑफिस थाटणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: बजेट कितीही असो, पहिले पैसे भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली जे जातं त्यावर घाला. सोफा पाच वर्षांनी बदलता येतो. बाथरूमखालची गळती काढायची म्हणजे खालच्या शेजाऱ्यांशी संबंधही दुरुस्त करावे लागतात.

पायरी १: घर तपासा

ताबा घेताना एक अख्खा दिवस तपासणीला द्या. सोबत मोजपट्टी, ओळंबा, गुण्या, मोबाइलचा चार्जर आणि एक बादली घ्या. चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून बघायचा. बादलीभर पाणी बाथरूममध्ये आणि ड्राय बाल्कनीत ओतायचं आणि ते जाळीकडे जातंय की कोपऱ्यात तुंबतंय ते पाहायचं. टाइल्स नाण्याने वाजवा. भरीव आवाज आला तर खालचा माल नीट बसलाय. पोकळ आला तर ती टाइल आज ना उद्या सुटणार. भिंतींच्या कोपऱ्यात गुण्या लावा. भिंती काटकोनात नसतील तर कपाट एका बाजूला चिकटतं आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. सुतार ती पट्टी मारून झाकतो, पण कपाट कापण्याआधीच हे कळलं तर फट दोन्हीकडे वाटून घेता येते.

सापडलेले दोष फोटोंसह बिल्डरला ईमेल करा. फोनवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र बाथरूमची फरशी तुम्ही स्वतः फोडून नवी बसवलीत आणि मग गळती सुरू झाली, तर दोष कोणाचा यावर वाद ठरलेला. त्यामुळे दिलेलं बाथरूम ठीकठाक असेल, तर केवळ टाइलचा रंग आवडला नाही म्हणून ते फोडू नका.

याच दिवशी भिंती कशाच्या आहेत ते विचारून घ्या. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत खाचा मारून नवी वायर, नवा पाइप टाकता येतो. अलीकडच्या अनेक टॉवरमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून, म्हणजे ज्याला साइटवर ‘मिवान’ म्हणतात त्या पद्धतीने, भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. तिथे प्रत्येक भिंत इमारतीचं वजन पेलते. ती तोडायची नाही, तिच्यात खाचाही मारायच्या नाहीत. अशा घरात जादाची वायरिंग फॉल्स सीलिंगमधून किंवा कपाटामागून फिरवावी लागते. हे आधी कळलं तर पूर्ण आराखडाच वेगळा होतो.

पायरी २: कागद, खडू आणि सामानाची यादी

खोल्या स्वतः मोजा. ब्रोशरमधलं माप प्लास्टर आणि टाइल्स लागण्याआधीचं असू शकतं. बीम कुठे खाली उतरतो, खिडकीची कड किती उंचीवर आहे, दार कोणत्या बाजूला उघडतं, हे सगळं कागदावर लिहा.

मग हिशेब करा. समजा बेडरूम दहा बाय अकरा फूट आहे. पलंगाची लांबी साडेसहा फूट, कपाटाची खोली दोन फूट. दहा फुटांच्या बाजूने पलंगाच्या पायथ्याशी कपाट लावलं तर मध्ये दीड फूट उरतो. इतक्या जागेत कपाटाचं दार धड उघडत नाही आणि उघडलं तरी माणूस उभा राहत नाही. अकरा फुटांच्या बाजूने लावलं तर अडीच फूट मिळतात आणि काम भागतं. हा हिशेब साइटवर फरशीवर खडूने आखून बघा. घरातल्या सगळ्यांना त्या रेघांमधून चालायला लावा. सोफ्याच्या आणि टीव्हीच्या भांडणांपैकी निम्मी तिथेच मिटतात.

नंतर सामानाची यादी. डिझाइनर तुम्हाला सुंदर थ्रीडी चित्रं दाखवेल. त्या चित्रांत गाद्यांची वळकटी नसते, धान्याचे डबे नसतात, दिवाळीचा आकाशकंदील, मखर, पाटा-वरवंटा आणि माहेरहून आलेलं तांब्याचं घंगाळ नसतं. हे सगळं कुठे जाणार ते आधी ठरवा. गणपती कुठे बसतो? गौरी उभ्या करता का? त्या कोपऱ्यात वर्षातले काही दिवस रोषणाई लागते, तर तिथे एक सॉकेट आजच काढून ठेवा. नाहीतर दर भाद्रपदात एक्स्टेन्शन बोर्डची वायर अख्ख्या हॉलमधून जाते आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिला अडखळतो.

वास्तुशास्त्र पाळत असाल तर तेही याच पायरीवर. शेगडीची दिशा आणि देवघराची जागा वायरिंग झाल्यावर बदलणं महागात पडतं. गुरुजींना आणि डिझाइनरला एकाच दिवशी बोलवा, आपसात ठरवू द्या.

पायरी ३: काम कोणाला द्यायचं

तीन वाटा आहेत. पहिली, आर्किटेक्ट किंवा इंटिरियर डिझाइनर नेमून त्याच्या ड्रॉइंगवर काम करून घेणं. दुसरी, सगळं एकाच कंपनीला ठरावीक रकमेत देणं. तिसरी, सुतार-मिस्त्री स्वतः गोळा करणं. १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येतं. ‘इंटिरियर डिझाइनर’ या पाटीला अशी अट नाही, म्हणून त्याची शहानिशा तुमच्याकडे. इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून निर्णय घेऊ नका. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी केलेलं एखादं घर बघायला मागा आणि तिथे गेल्यावर स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या ओढून बघा. नवं काम सगळ्यांचंच चकचकीत दिसतं.

स्वतः माणसं गोळा करायची असतील तर रोज साइटवर तासभर जाता आलं पाहिजे. नोकरी सांभाळून ते जमत नसेल तर डिझाइनरची फी वाचवण्यात अर्थ नाही.

कोणीही असो, कामाआधी चार कागद हातात हवेत: फर्निचरचा लेआउट, इलेक्ट्रिक पॉइंटचं ड्रॉइंग, प्लंबिंगचं ड्रॉइंग आणि प्रत्येक कपाटाचं मापांसह समोरून काढलेलं चित्र. ‘साइटवर बघून करू’ असं म्हणणाऱ्याला हात जोडून निरोप द्या.

पायरी ४: सोसायटीची परवानगी

अर्ज, परत मिळणारं डिपॉझिट, कामगारांची ओळखपत्रं, कामाच्या वेळा, रविवारी ठोकाठोकी करायची की नाही, राडारोडा कुठे टाकायचा, लिफ्टमधून प्लाय नेता येतो का. हे सगळं आधी लेखी घ्या. आठ फुटी शीट लिफ्टमध्ये मावत नसेल तर ते जिन्याने चढवण्याची मजुरी वेगळी लागते, आणि ती कोटेशनमध्ये बहुतेकदा नसते.

बाल्कनीबद्दल थोडं थांबून

आपल्याकडे ताबा मिळाला की पहिला विचार येतो बाल्कनी बंद करून हॉल मोठा करण्याचा. महापालिकेच्या मंजूर नकाशाच्या बाहेर जाऊन असं करणं बेकायदा ठरू शकतं हे एक. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हवामान.

मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी केलेली ‘कांचनजंगा’ ही उंच इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत समुद्रावरचा वारा आणि बाहेरचा देखावा मिळवायचा तर घराने पूर्व-पश्चिमेकडे तोंड करायला हवं. पण तिथूनच कडक ऊन येतं आणि पावसाचा माराही. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा काढून उपाय केला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून गगनचुंबी इमारतीत नेला: कोपऱ्यात दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरल्या, त्यांच्या आत खोल्या सावलीत ठेवल्या. आपल्याकडची ओसरी, पडवी, सोपा यांनी हेच काम केलं. ऊन आणि पाऊस खोलीच्या भिंतीपर्यंत पोचण्याआधी अडवायचा.

तुमच्या फ्लॅटची चार फुटी बाल्कनी म्हणजे त्या पडवीचा उरलेला तुकडा आहे. ती काचेने बंद केली की पश्चिमेचं ऊन थेट हॉलच्या काचेवर येतं आणि एसी वाढतो. जागा वापरायचीच असेल तर बांबूची चटई, बसायला कट्टा, कपडे वाळत घालायला वर ओढायचा स्टँड, एवढ्यात ती खोलीइतकीच उपयोगी होते.

हवामानाचा दुसरा मुद्दा कपाटांचा. कोकणात आणि मुंबईत नैऋत्येकडून पाऊस आपटतो. ज्या बाहेरच्या भिंतीवर तो आपटतो, तिला चिकटून कपाट लावलं तर दोन पावसाळ्यांत मागच्या बाजूला बुरशी येते आणि कपड्यांना तो ओलसर वास कायमचा चिकटतो. कपाट आतल्या भिंतीला लावा. पर्यायच नसेल तर भिंत आणि कपाटाचा पाठीमागचा प्लाय यांत बोटभर हवा खेळती ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा आहे. तिथे पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं कपाट खोलीत येणारी उष्णता थोपवायला मदत करतं.

पायरी ५: साइटवरचा क्रम

तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, वायरिंगच्या खाचा, प्लास्टरची दुरुस्ती, फरशी, फॉल्स सीलिंग, सुतारकाम, रंगाचे पहिले हात, दिवे-नळ-हँडल, रंगाचा शेवटचा हात. हा क्रम कागदावर लिहून साइटच्या भिंतीवर चिकटवा.

बाथरूमला हात लावायचाच झाला तर वॉटरप्रूफिंगनंतर नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर पाणी तुंबवून ठेवा. किमान दोन दिवस, तीन असतील तर उत्तम. पाण्याच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि रोज खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, एक रात्र पुरते.’ पुरत नाही. या चाचणीत काही निघालं नाही तरच टाइल बसवायची. उतार साधारण शंभरास एक असावा, म्हणजे पाच फुटांत जेमतेम अर्धा-पाऊण इंच. टाइलचे सांधे बाथरूममध्ये साध्या सिमेंटने भरू देऊ नका, इपॉक्सी, म्हणजे पाणी न शोषणारा रेझिनचा भराव, वापरा. महाग असतं, पण दर महिन्याला ब्रशने काळे सांधे घासण्यापासून सुटका होते.

वायरिंगमध्ये जाडी लिहून घ्या. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गीझर आणि एसीला चार, असा सर्वसाधारण हिशेब असतो. एसी, गीझर, ओव्हन यांना प्रत्येकी स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. डीबीमध्ये, म्हणजे हे स्विच असतात त्या मुख्य पेटीत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते स्वतः बघा, कारण शॉक लागला तर वीज तोडून माणूस वाचवणारा तोच. एमसीबी त्यासाठी नसतो, तो वायर जळण्यापासून वाचवतो. एसी आणि इंडक्शन वाढवणार असाल तर वीजजोडणीचा मंजूर भार पुरतो का तेही बिलावर तपासा.

पॉइंट कुठे हवेत यासाठी एका रविवारी रिकाम्या घरात बसा आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस तोंडी जगून बघा. मोबाइल कुठे चार्ज होतो, इस्त्री कुठे, वायफायचा राउटर कुठे, आजोबांना रात्री उठल्यावर दिवा कुठून लावता येईल. पलंगाजवळ आणि दाराजवळ अशा दोन्ही ठिकाणांहून लागणारा-विझणारा दिवा हवा, त्यासाठी टू-वे स्विच आजच सांगावा लागतो. वायरिंग आणि पाइप टाकून झाले की प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, भिंतीवर मोजपट्टी धरून. पुढे देवाची तसबीर टांगायला ड्रिल मारताना हेच फोटो उपयोगी पडतात.

फॉल्स सीलिंगबद्दल मी कंजूष आहे. साडेनऊ फुटांच्या खोलीतून ते सहा-आठ इंच गिळतं, पंखा तेवढा खाली येतो, आणि लपवायला बीम किंवा एसीचा पाइप नसेल तर ते कशासाठी? करायचंच असेल तर कडेने पट्टा काढा, मधला भाग मोकळा सोडा. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवे लावू नका. पातं फिरलं की खोलीभर सावल्या लपलप करतात आणि वाचणाऱ्याचं डोकं उठतं.

पायरी ६: ओटा

स्वयंपाकघर हा घरातला सगळ्यात महाग चौरस फूट. इथे घाई नको.

ओट्याची उंची जो सगळ्यात जास्त स्वयंपाक करतो त्याच्या मापाने ठरवायची. त्या व्यक्तीला सरळ उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला बत्तीस-तेहेतीस इंच बरा पडतो, तर ठेकेदार न विचारता चौतीस करून मोकळा होतो. त्यात शेगडी ओट्यावर ठेवली की कढईचा काठ आणखी पाच-सहा इंच वर जातो आणि फोडणी देताना खांदा उचलावा लागतो. शेगडीखालचा भाग थोडा खाली घेता येतो किंवा ओट्यात बसणारा हॉब लावता येतो. जी पोळ्या लाटते तिला लाटणं हातात देऊन वेगवेगळ्या उंचीच्या टेबलांवर लाटायला लावा. पाठ कुठे वाकते ते लगेच दिसतं. पोळ्या तो लाटत असेल तर त्याला.

सिंक आणि शेगडी यांत किमान दोन फूट हवेत, म्हणजे चिरायला जागा उरते आणि पाण्याचे शिंतोडे गरम तेलात जात नाहीत. सिंक एकच पण खोल आणि मोठं घ्या. आपल्याकडे कुकर आणि पिंप घासायचे असतात, दोन छोट्या कप्प्यांच्या सिंकमध्ये दोन्ही मावत नाहीत. भांडी घासायची मोरी ड्राय बाल्कनीत असेल तर आतल्या सिंकला कमी जागा दिली तरी चालेल.

वरचा दगड काळा ग्रॅनाइट हाच अजून सर्वांत निर्धोक. हळद, कोकम, लिंबू, गरम पातेलं, सगळं सोसतो. पांढरा संगमरवर फोटोत छान दिसतो आणि पहिल्या लोणच्याच्या दिवशी डाग धरतो. ओट्याखाली मध्ये उभे कडप्पे घालून त्यांत ट्रॉल्या बसवण्याची जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. पाणी लागलं तरी कडप्पा फुगत नाही. प्लायचेच बॉक्स करणार असाल तर निदान सिंकखालचा बॉक्स लाकडी नको. आणि गॅसची पाइपलाइन असेल तर ती कपाटात कोंडून टाकू नका. हवा खेळती हवी आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे.

पायरी ७: प्लाय ओळखा, कोटेशन वाचा

प्लायचे दोन आकडे लक्षात ठेवा. आय.एस. ३०३ हा सर्वसाधारण प्लायचा मानक, त्यात एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणीही बऱ्यापैकी सोसणारा असे प्रकार येतात. आय.एस. ७१० म्हणजे मरीन. बेडरूमच्या कपाटाला एमआर पुरतो, स्वयंपाकघरात बीडब्ल्यूआर किंवा ७१०. साइटवर आलेल्या शीटवर हा क्रमांक आणि आयएसआयचा शिक्का आहे का ते बघा. मग शीटची कड नीट पाहा. थर एकसारखे असावेत, मध्ये काळ्या फटी नसाव्यात. फट म्हणजे तिथे स्क्रू पकडणार नाही आणि बिजागरी सैल होणार. नखाने टकटक करत शीटभर हात फिरवा, आवाज एका ठिकाणी बदलला तर आत पोकळी आहे.

किती शीट लागतात याचा अंदाज तुम्हालाही बांधता येतो. आठ बाय चारची शीट म्हणजे बत्तीस चौरस फूट. सात बाय सात फुटांच्या, दोन फूट खोल कपाटाला उभ्या फळ्या, वर-खाली, कप्पे आणि दारं मिळून साधारण एकशेसाठ चौरस फूट १८ मिमी प्लाय लागतो. वाया जाणारा धरून सहा शीट, आणि पाठीला ६ मिमीच्या दोन. सुताराने दहा मागितल्या तर चिडायचं नाही, प्रत्येक शीट कुठे जाणार ते कागदावर काढून दाखवायला सांगायचं.

कोटेशनमध्ये दर कोणत्या मापावर आहे ते बघा. कपाटाचा दर समोरच्या चौरस फुटावर असतो, ओट्याचा बऱ्याचदा रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. एल आकाराच्या ओट्यात दहा आणि सात फूट मिळून सतरा लावले असतील, तर कोपऱ्याचे दोन फूट दोनदा मोजले गेलेत. खरी लांबी पंधरा. दरात काय काय आहे तेही विचारा: आतून लॅमिनेट की नुसता रंग, चॅनेल कोणत्या कंपनीची, हँडल, माळ्याची दारं, जीएसटी, साफसफाई. ‘ब्रँडेड’ हा शब्द कोटेशनमध्ये चालवून घेऊ नका. कंपनी आणि मॉडेल लिहायला लावा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. साइटवर जेवढं काम आणि माल दिसतोय त्याच्या फार पुढे जाऊ नका. शेवटचे पाच-दहा टक्के सगळी दारं सरळ बंद होईपर्यंत आणि किरकोळ यादी संपेपर्यंत हातात ठेवा. रंगाची घाई पावसाळ्यात करू नका. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की दसऱ्यापर्यंत पापुद्रे निघतात.

सगळं एकदम करायलाच हवं का?

मुळीच नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ साली प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी इंदूरजवळ केलेली ‘अरण्य’ ही वसाहत मला नव्या घरवाल्यांना सांगायला आवडते. तिथे गरीब कुटुंबांना पूर्ण बांधलेलं घर न देता जोतं, संडास-बाथरूम, पाणी-वीज आणि ड्रेनेज अशा मूळ गोष्टी दिल्या. पुढच्या खोल्या ज्याने त्याने जमेल तशा, लागतील तशा बांधल्या. फ्लॅटमध्येही हेच करता येतं. पहिल्या टप्प्यात ओटा, बाथरूम, वायरिंग, एक कपाट, पलंग आणि पंखे. हॉलचं टीव्ही युनिट, भिंतीवरची पॅनेल, मुलांची खोली सहा महिने राहून झाल्यावर. तोवर कळतं की सगळे टीव्हीसमोर बसतच नाहीत, किंवा मूल अभ्यास डायनिंग टेबलावरच करतं. फक्त पुढच्या टप्प्याची वायर आणि पाइप आजच टाकून ठेवा.

काम संपलं की लॅमिनेटचे आणि रंगाचे कोड, बिलं, ड्रॉइंग आणि ते भिंतींचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक प्रकारच्या टाइलचा एखादा बॉक्स माळ्यावर टाका. दोन वर्षांनी त्याच नावाची टाइल मिळाली तरी शेड जुळत नाही.

दुकान, दवाखाना, ऑफिस असेल तर

वरचं बहुतेक लागू आहेच, पण इथे सुरुवात दारापासून करायची. पायरीऐवजी रॅम्प द्या. बारास एक हा उतार लक्षात ठेवा: सहा इंच चढायला सहा फूट लांबी लागते. जागा कमी असली तर हा रॅम्प नंतर बसवणं अशक्य होतं. दवाखान्यात तर व्हीलचेअर पहिल्याच आठवड्यात येते.

पाटी करून घेण्याआधी नियम बघा. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर सर्व दुकानांना आणि आस्थापनांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजी लोगो मोठा करून खाली बारीक मराठी टाकणारे डिझाइन आले तर तिथेच परत पाठवा, नाहीतर पाटी दोनदा करावी लागेल.

दुकानात उंची जास्त दिसली की पोटमाळा काढायचा मोह होतो. तो मंजूर नकाशात नसेल तर परवानगीशिवाय काढू नका. माल साठवण्याची जागा आधी मोजा, शोकेस नंतर. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवू नका, भार आणि दर दोन्ही वेगळे असतात. अग्निशामक सिलिंडर काउंटरच्या मागे लपवू नका आणि मागचं दार असेल तर त्यासमोर खोके रचायची वेळ येणार नाही असा साठा आखा. दवाखान्यात तपासणीच्या खोलीतला आवाज बाहेर बसलेल्यांना ऐकू येतो का ते तपासा. जिप्समच्या पातळ पार्टिशनमधून सगळं ऐकू येतं. आत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरून घ्या आणि पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता स्लॅबपर्यंत न्या.

कापड किंवा दागिने विकणार असाल तर दिव्यांवर जादा पैसे घाला. सोन्याला पिवळसर प्रकाश, चांदी आणि हिऱ्याला पांढरा. साड्यांसाठी सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९०च्या वरचे दिवे मागा. मोठी ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून एक-दोन दिवे नमुन्याला आणा. मोरपंखी, रामा आणि चिंतामणी रंगाच्या साड्या त्यांच्याखाली धरा, मग त्याच साड्या दारात उन्हात नेऊन बघा. रंगात फरक पडला तर दिवे परत करा.